आईच्या मापाचं हेल्मेट

चुआंग याओ-थिंग यांच्या आईचं हेल्मेट ज्या सकाळी अननसाच्या शेतात उडून पडलं, त्या सकाळी त्यांनी ते उचललं असतं, झटकून पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवलं असतं आणि संध्याकाळी त्याला नवा पट्टा लावून घेतला असता, तर पुढचं महाभारत टळलं असतं. हे आता चुआंगना पटतं. पण पटण्याची वेळ आणि पटून उपयोग होण्याची वेळ या दोन्ही एकाच दिवशी क्वचितच येतात.

तसं ते हेल्मेट उडण्याच्याच लायकीचं होतं. गुलाबी रंगाचं, अर्ध्या टोपीचं. असल्या हेल्मेटला आमच्याकडे सगळे कलिंगडाची साल म्हणतात. शेतकरी संघाच्या वार्षिक सभेत शेवटपर्यंत बसणाऱ्यांना ते फुकट मिळालं होतं, आणि आई शेवटपर्यंत बसली होती. दोन वर्षांपूर्वी त्याचा पट्टा तुटला. तेव्हापासून, होड्यांच्या शर्यतीच्या सणाला पानात भात बांधायची जी सुतळी असते, त्या सुतळीनं आई ते हनुवटीखाली बांधायची. भाताच्या पुडीला जी गाठ, तीच स्वतःला. त्या सकाळी गतिरोधक जरा जोरात लागला आणि गाठ सुटली.

"आ-थिंग, थांब! माझं डोकं गेलं!" आई मागून ओरडली.

चुआंगनी स्कूटर थांबवली. शेतात गुलाबी ठिपका दिसत होता. अननसाच्या पानांना काटे असतात आणि चुआंगची पँट ऑफिसची होती. त्यांनी दोन पावलं आत टाकली, तीन मागे घेतली आणि जाहीर केलं, "राहू दे. तुला नवं घेऊ. चांगलं घेऊ."

चुआंग हे चिया-यी नावाच्या शहरातल्या जमीन नोंदणी कार्यालयात खिडकी क्रमांक तीनवर बसतात. सत्तावीस वर्षं. ज्याला सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या बांधांचे नकाशे पाहायची सवय लागली, तो हेल्मेट सरळ दुकानात जाऊन आणेल ही अपेक्षाच चुकीची. त्यांनी दुपारच्या सुट्टीत एक नवी फाइल उघडली आणि तिच्यावर लिहिलं: 'हेल्मेट, आई.'

इथे रोजच्या प्रवासाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथंच आहे. वडील वारले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी चुआंग आईला स्कूटरवर मागे बसवून गावातून शहरातल्या पूर्व बाजारात सोडत आणि मग ऑफिसला जात. बाजारात आईच्या बालमैत्रिणीची लोणच्यांची गाडी आहे. तिथं बसून मोहरीचा पाला निवडायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दोन शब्द सुनवायचे आणि दुपारच्या बसनं घरी परतायचं, असा आईचा नेम. घर ते बाजार अठरा मिनिटं. ही अठरा मिनिटं आई बोलायची. घरी ती फारशी बोलायची नाही. घरी टीव्ही असायचा, सून असायची, आणि आईचं बोलणं "जेवलास?" आणि "दिवा बंद कर" यांच्या पलीकडे जायचं नाही. पण स्कूटरवर बसली, मुलाच्या खांद्यामागे तोंड नेलं, की धरणाची दारं उघडायची. लसणाचा भाव, शेजारच्या फांगताईच्या जावयाची नोकरी, कुणाचा गुडघा, कुणाचं श्राद्ध आणि अधूनमधून वडील.

वडिलांची एक गोष्ट ती पुन्हापुन्हा सुरू करायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती रुसून माहेरी गेली होती. त्यात वादळ आलं, नदीवरचा पूल वाहून गेला. आणि वडील कुणाची तरी सायकल मागून, डोक्यावर बांबूची टोपी घालून तिला आणायला निघाले. पुलापर्यंत आले. आणि पुलापर्यंत आले की बाजार यायचा. आई उतरायची. दुसऱ्या दिवशी लसणाचा भाव वाढलेला असायचा आणि पूल तसाच राहायचा. अकरा वर्षांत वडील नदीच्या अलीकडेच उभे होते.

चुआंग काय करायचे? चुआंग "हं" म्हणायचे. अननसाच्या शेतांपाशी एक, रेल्वे फाटकापाशी एक आणि कारंज्याच्या चौकात एक. आई काय बोलतेय यावर ते अवलंबून नव्हतं. घाई कसली होती? गोष्ट उद्याही होती आणि आईसुद्धा.

तर फाइल. संध्याकाळी चुआंग हौ नावाच्या गृहस्थाच्या हेल्मेटच्या दुकानात गेले. भिंतभर हेल्मेटं. हौनं आधी माप विचारलं. चुआंगनी खिशातून कागद काढला. त्यावर आईच्या डोक्याचा घेर तीन वेगवेगळ्या उंचीवर मोजून, सरासरी काढून लिहिलेला होता.

"आ-मांसाठी ना?" हौ म्हणाला. आमच्याकडे आजीला आ-मा म्हणतात, आणि सत्तरी ओलांडलेली बाई ही अख्ख्या गावाची आ-मा असते. "मग दादा, डोळे मिटून हे तीन-चतुर्थांश घ्या. कान झाकतं, मागचं डोकं झाकतं, तोंड मोकळं. वरून काच. वजनाला हलकं. निम्म्या शहराच्या आया हेच घालतात."

"आणि ते?" चुआंगनी वरच्या फळीकडे बोट केलं.

"ते पूर्ण बंद. हनुवटीसकट. सगळ्यात मजबूत तेच, खोटं कशाला बोलू? पण लांब पल्ल्याची पोरं घेतात. आ-मांना त्यात कोंडल्यासारखं व्हायचं."

"ऐकू येतं का त्यातून?"

"बाहेरचं? बेताचंच."

चुआंगनी फाइलमध्ये लिहिलं: 'आवाज कमी येतो.' आणि ते कुठल्या रकान्यात लिहिलं? गुणांच्या. ही गोष्ट त्यांनी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही.

बाजूनं आणि विरुद्ध बाजूनं मतं मागवायची हा ऑफिसचा शिरस्ता. समोरच्या घरातले ल्यू मास्तर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पूर्ण बंद! दुसरा विचारच नको! माझ्या मेव्हण्याच्या मित्राचं काय झालं ठाऊक आहे?" आणि त्यांनी एकामागून एक सात अपघात असे सांगितले की चुआंगना घरी चालत जायचीसुद्धा भीती वाटू लागली.

शेजारच्या फांगताई साठीच्या. नवरा नाही, लेक तैपेईत. स्वतःची जुनी स्कूटर आणि डोक्यावर निळी कलिंगडाची साल. त्या म्हणाल्या, "अरे, आ-मा दर शनिवारी केस सेट करून घेतात. त्यावर तू पिंप घालणार? आणि बाई, बोलणार कशा त्या? रस्त्याला बोलायचं नसेल तर माणसानं बसनं जावं." फांगताईंचं मत चुआंगनी 'असंबद्ध' म्हणून नोंदवलं.

बायको मिन-हुई भांडी घासत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "तीन-चतुर्थांश घे आणि मोकळा हो."

"सगळे तेच सांगतायत."

"मग?"

"सगळ्यांना सुचतं ते करायला माझी काय गरज?"

"तेच म्हणतेय मी," मिन-हुई म्हणाली आणि तिनं नळ मोठा केला.

आता उरला देव. गावाच्या वेशीवर भूमिदेवाचं छोटंसं देऊळ आहे. भूमिदेवाकडे जमिनीचं खातं आणि चुआंगकडेही जमिनीचंच, त्यामुळे त्यांना त्या देवाबद्दल एका खात्यातल्या वरिष्ठाबद्दल वाटावा तसा आदर होता. कौल लावायची पद्धत साधी. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देव नुसता हसतो, उत्तर देत नाही. दोन्ही पालथे पडले तर नकार. एक असा, एक तसा पडला तर होकार. लागोपाठ तीन होकार म्हणजे शिक्कामोर्तब.

चुआंगनी गुडघे टेकले आणि विचारलं, "पूर्ण बंद घेऊ?" तुकडे पडले. देव हसला. पुन्हा टाकले. पुन्हा हसला. तिसऱ्यांदा टाकले तेव्हा एक तुकडा बराच वेळ गिरक्या घेत राहिला. देवाला हसू आवरत नव्हतं.

"कलिंगडाची साल?" नकार.

"तीन-चतुर्थांश?" होकार. होकार. होकार.

देवळाची देखरेख करणारे त्साय आजोबा ओट्यावर चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "झालं की रे तुझं काम. इतका सरळ कौल गेल्या वर्षात कुणाला मिळाला नाही."

चुआंग उठले, गुडघे झटकले आणि विचारात पडले. भूमिदेवाचा अधिकार जमिनीवर. वाहतूक हे वेगळं खातं. अधिकारक्षेत्राबाहेरचा निर्णय बंधनकारक कसा? दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पूर्ण बंद हेल्मेटं विकत घेतली, एक आईला आणि एक स्वतःला. काळी, चकचकीत. हौनं पिशवीत भरताना काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक असा विचार करून मिटलं.

आईनं हेल्मेट दोन्ही हातांत घेऊन तोललं. "हे माझं?"

"सगळ्यात मजबूत आहे."

"नाकापेक्षा मोती जड झाला रे, आ-थिंग." पण मुलानं आणलंय म्हणून तिचा चेहरा फुलला होता, हे खोटं नाही. तिनं काळ्या कवचावरून दोनदा हात फिरवला. "एवढं महागाचं घालायचं तर आधी धूपाच्या कुंडावरून फिरवून आण. तशी कुठलीही नवी वस्तू मी डोक्यावर घेणार नाही."

ही आमची जुनीच चाल. ताईत असो, नव्या गाडीची किल्ली असो, देवासमोरच्या धूपाच्या कुंडावर उजवीकडून तीन फेरे द्यायचे की देवाचं लक्ष त्या वस्तूवर राहतं. म्हणजे ज्या देवाचा कौल फिरवला त्याच्याच दारात, त्याच हेल्मेटसाठी जायचं. चुआंगना जरा ओशाळल्यासारखं झालं. पण आईच्या शब्दापुढे इलाज नव्हता.

रविवार होता, देवळात दहाबारा माणसं. पहिला फेरा नीट झाला. पण वरवरच्या फेऱ्यानं काय होणार? धूर आत जायला हवा, नाहीतर ती नुसती औपचारिकता, असं चुआंगना वाटलं. दुसऱ्या फेऱ्याला त्यांनी हेल्मेट खाली आणलं. तिसऱ्याला आणखी खाली आणून, डोळे मिटून, आईचं नाव, पत्ता आणि जन्मतारीख देवाला सांगितली. पत्त्यात पिन कोडही होता. तेवढ्या वेळात कुंडातल्या दोन जळत्या उदबत्त्या हेल्मेटच्या आतल्या अस्तरात घुसल्या होत्या.

डोळे उघडले तेव्हा हेल्मेटमधून भरघोस धूर निघत होता. मागच्या बायकांनी हात जोडले. एवढा धूर म्हणजे देव फारच प्रसन्न. चुआंगनाही क्षणभर धन्य वाटलं. मग प्लास्टिकचा वास आला. त्साय आजोबा ओट्यावरून उठले, शांतपणे आले आणि हातातला अख्खा चहा त्यांनी हेल्मेटमध्ये ओतला.

"तो हसला होता ना तेव्हा," आजोबा म्हणाले, "तेव्हाच समजायचं असतं."

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात. चुआंगच्या हाती आलेलं धुपाटणं हेल्मेटच्या आकाराचं होतं एवढंच. डाव्या कानापाशी अस्तराला सोयाबीनच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं आणि आतून चहाचा वास येत होता.

हौच्या दुकानात बदलून घ्यायला गेले तर हमीचा फॉर्म निघाला. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात पडणे, पाणी, रसायन आणि इतर अशा चौकटी होत्या. चुआंगनी आयुष्यात खोटी नोंद केलेली नाही. त्यांनी 'इतर'वर खूण केली आणि लिहिलं: 'देवदर्शन.'

हौनं वाचलं. "दादा, पडलं असं लिहा ना. मी बघतो काहीतरी."

"पडलेलं नाही."

"मग कंपनीला मी काय सांगू? देवाला पाठवू का पत्र?"

"चौकट तुमची आहे, कारण माझं आहे," चुआंग म्हणाले आणि मानानं हात हलवत बाहेर पडले. मान शाबूत राहिला, हेल्मेटही तेच राहिलं. एक खोटा शब्द लिहिला असता तर अदलाबदलीत तीन-चतुर्थांश मिळालं असतं, हे त्यांना कारंज्याच्या चौकात आल्यावर सुचलं. परत फिरायला मान आडवा आला.

सोमवारी आई त्या काळ्या हेल्मेटात शिरली. केस शनिवारीच सेट केलेले. ते आत गेले ते त्या आठवड्यात तसे पुन्हा कुणाला दिसले नाहीत. स्कूटर निघाली. अननसाच्या शेतांपाशी आई काहीतरी म्हणाली असावी. चुआंगना नुसता घुमल्यासारखा आवाज आला. फाटकापाशी ब्रेक लागला तसं मागचं हेल्मेट पुढच्यावर धाडकन आपटलं. प्रत्येक सिग्नलला तेच. बाजारात पोचेपर्यंत दोघांची नऊ वेळा टक्कर झाली.

"या भोकातून बाहेरचं थोडं ऐकू येतं मला," उतरल्यावर आई म्हणाली. "देवानं काही वाईट केलेलं नाही. तुझ्या हेल्मेटलापण पाड एक."

चुआंग हसले. आणि खरं सांगायचं तर त्या सकाळी त्यांना बरं वाटत होतं. अठरा मिनिटं शांतता. डोक्यात ऑफिसची प्रकरणं लावून झाली होती. दुसऱ्या दिवशीही बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी आईनं काच वर करून, पुढे झुकून, त्यांच्या हेल्मेटवर बोटानं टकटक केली. "आ-थिंग! ऐकतोयस का? त्या पुलाचं सांगत होते…"

"आई, बोलू नकोस ना चालत्या गाडीवर! लक्ष जातं!"

टकटक थांबली. ती पुन्हा झाली नाही. सगळ्या फाइलमध्ये चुआंगना आज खोडावंसं वाटणारं एकच वाक्य आहे, आणि ते फाइलमध्ये लिहिलेलंच नाही.

त्याच आठवड्यात शेतकरी संघाच्या पेढीचं प्रकरण झालं. महिन्याच्या दहा तारखेला आई बाजारातून तिथं आपली पेन्शन काढायला जाते. त्या दिवशी चुआंग घाईत तसेच निघून गेले आणि हेल्मेट बाजारात मैत्रिणीला काढता येईना, कारण त्याची कडी नव्या तऱ्हेची होती. चुआंगनी ती फाइलमध्ये 'अत्यंत सुरक्षित' म्हणून गौरवली होती. आई तशीच पेढीत शिरली. दारातल्या रखवालदारानं काळी काच पाहिली आणि शिट्टी फुंकली.

"हेल्मेट काढा!"

"निघत नाही!" आई आतून ओरडली. बाहेर ऐकू आलं ते दरोडेखोराच्या धमकीसारखं.

खिडकी क्रमांक तीनवर फोन आला तेव्हा चुआंग एका माणसाला सांगत होते की मूळ कागद आणल्याशिवाय ओळख पटत नाही. ते धावत पेढीत पोचले. आई खुर्चीवर बसलेली, भोवती चार कारकून, आणि तिच्या हातात ओळखपत्र.

"या तुमच्या मातोश्री?" कारकुनानं विचारलं.

"हो."

"चेहरा दिसल्याशिवाय मी कसं मानू? फोटोत यांनी हेल्मेट घातलेलं नाही."

"कडी मी काढतो."

"थांबा. तुम्ही त्यांचे चिरंजीव असल्याचा पुरावा?"

चुआंगनी इतकी वर्षं जे लोकांना ऐकवलं होतं ते शब्दन्‌शब्द समोरून येत होतं. शेवटी आईनंच आतून आवाज दिला, "अहो, त्याच्या उजव्या कानामागे तीळ आहे, बघा!" सगळी पेढी चुआंगच्या कानामागे पाहू लागली. तीळ निघाला. कडी निघाली. आईचे केस डोक्याला चिकटून बसले होते आणि ती एकाएकी फार लहानखुरी दिसत होती. ती रागावली नव्हती. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या सोमवारी चुआंग खाली आले तेव्हा आई फांगताईच्या स्कूटरवर बसलेली होती. डोक्यावर गुलाबी कलिंगडाची साल. फांगताईंनी अननसाच्या मालकाकडून ती परत आणली होती. त्यानं ती इतके दिवस पंपावर उपडी घालून ठेवली होती. फांगताईंनी तिला नवा पट्टाही शिवला होता, चांगला जाड.

"तुला उगाच वळसा पडतो बाजाराचा," आई म्हणाली. "फांगला तिकडेच जायचं असतं. तू ऑफिसला सरळ जा." हे ती इतक्या मायेनं म्हणाली की चुआंगना हरकत घ्यायला जागाच सापडेना.

तीन दिवस ते एकटे गेले. पूर्ण बंद हेल्मेटात शांतता होती, पण ती आता वेगळी होती. शेतांपाशी त्यांच्या तोंडून आपोआप "हं" निघाला आणि काचेवर वाफ धरली.

गुरुवारी कारंज्याच्या चौकात लाल दिवा लागला. आकडा सत्तरवरून उतरत होता. पुढच्याच रांगेत निळी साल आणि तिच्या खांद्याला लागून गुलाबी साल. आई बोलत होती. हात हलत होते. फांगताई मान मागे वळवून विचारत होत्या, आई हसत होती, आणि पुन्हा सांगत होती. चुआंगनी स्कूटर दोघींच्या मागे नेली. काच वर केली. घुमल्यासारखा आवाज. पंचवीस. चोवीस. त्यांनी कडी काढली आणि हेल्मेट डोक्यावरून उपसून पायांशी ठेवलं.

"…पलीकडे मी, अलीकडे हा, मधे एवढं पाणी," आई सांगत होती. "सगळे म्हणाले, परत जा. मग ह्यानं काय केलं, डोक्यावरची टोपी काढली, अन्…"

दिवा हिरवा झाला. चाळीस स्कूटरी एकदम निघाल्या. चुआंगनीही उघड्या डोक्यानं वेग घेतला. निळी आणि गुलाबी साल बाजाराकडे वळल्या, आणि चुआंग वळणार तोच शिट्टी वाजली.

पोलीस तरुण होता, सभ्य होता. पायांशी ठेवलेल्या चकचकीत हेल्मेटकडे तो बराच वेळ पाहत राहिला. "काका, इतकं भारी हेल्मेट आणि पायात घालता?"

"ऐकायचं होतं."

"काय?"

"टोपी काढून पुढे काय केलं ते."

पोलिसानं त्यांच्याकडे पाहिलं, तोंडाचा वास घेतला, आणि दंडाची पावती लिहिली. चुआंगनी ती दोनदा वाचून मुकाट सही केली.

संध्याकाळी येताना ते हौकडे गेले. फाइल नेली नाही. दोन तीन-चतुर्थांश हेल्मेटं घेतली, फिकट जांभळी. आईला तो रंग आवडतो, हे त्यांना कसं कोण जाणे ठाऊक होतं. पिशवी देताना हौ म्हणाला, "दादा, हे मात्र देवाला दाखवू नका."

जेवायला बसल्यावर चुआंगनी आईचं नवं हेल्मेट तिच्या खुर्चीशी ठेवलं. मिन-हुईनं ते पाहिलं आणि नवऱ्याच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला.

"आई," चुआंग म्हणाले, "बाबांनी टोपी काढली. मग?"

आई दचकली. मग तिनं चॉपस्टिक खाली ठेवल्या. "तुला कुणी सांगितलं?"

"ऐकलं मी. अर्धं. पुढचं सांग ना."

आईनं आठवायचा प्रयत्न केला. टीव्हीवर कुणीतरी भांडत होतं. "घरात नाही रे जमत मला. ती रस्त्यातली गोष्ट आहे. वारा लागला की सुचते."

"मग उद्या चल माझ्याबरोबर. हे बघ, यात तोंड मोकळं आहे. मी पण तसलंच घेतलंय."

आईनं जांभळं हेल्मेट मांडीवर घेतलं आणि त्याच्यावरून हात फिरवला, पहिल्या वेळी काळ्यावरून फिरवला होता तसाच. "छान आहे. पण उद्या कशी येऊ? फांगला अर्ध्यात सोडू? ती पोरगी रोज विचारते, 'मग?' म्हणून. मी थांबले की लगेच, 'मग, आ-मा? मग काय झालं?' मला वाटलं होतं, माझ्या गोष्टी पुलापाशीच संपतात. तिनं विचारल्यावर पुढचं सगळं आठवायला लागलं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ती नुसतं आठवत होती. "तू चांगला आहेस रे. अकरा वर्षं नेलंस. तुला कामं असतात. पण 'मग?' असं तू कधी म्हणाला नाहीस."

टीव्हीवरचं भांडण मिटलं. मिन-हुई उठून स्वयंपाकघरात गेली. चुआंगना उत्तर द्यायचं होतं. पण सत्तावीस वर्षांच्या नोकरीत, समोरच्यानं मांडलेली बाब पूर्णपणे खरी असेल तर काय उत्तर द्यायचं, हे त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. मासा गार झाला.

सकाळी सात वाजता दोन स्कूटरी एकामागून एक गावाबाहेर पडल्या. पुढे फांगताई आणि आई. आईच्या डोक्यावर नवं जांभळं हेल्मेट होतं. मुलानं आणलंय म्हणून तिनं ते घातलं होतं. मागे दहा हातांवर चुआंग, तसलंच हेल्मेट घालून, काच वर करून. वारा तोंडावर येत होता. अननसाच्या शेतांपाशी आईनं उजवा हात डोक्याकडे नेला, काहीतरी उचलल्यासारखा केला, आणि पुढे लांब धरला. टोपी निघाली होती. फांगताईची मान मागे वळली. पुढे काय झालं ते आई सांगत होती, आणि दहा हातांवरून त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

फाटकाच्या अलीकडे, जिथं सवयीनं "हं" यायचा तिथं, चुआंग उघड्या तोंडानं वाऱ्यात म्हणाले, "मग?"